सातारच्या वाऱ्यात डीप रिम: कार्बनची चाकं पारखायची कशी

चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. पश्चिमेकडून डोंगर चढून आलेलं वारं तिथं काय करतं, हे ठोसेघरच्या पुढे एकदा तरी सायकल दामटलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. आणि नेमक्या याच मुलखात रोड बाईकला पन्नास-साठ मिलिमीटर उंचीच्या 'डीप', म्हणजे खोल कार्बन रिम (चाकाच्या बाहेरच्या कड्या) लावायची हौस वाढली आहे. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण या चाकांना आहे. जोडी अर्ध्या लाखाच्या आसपास सुरू होते आणि नाव मोठं असेल तर सायकलच्याच किमतीला जाऊन भिडते.

ज्यांनी अशी चाकं अजून घेतलेली नाहीत, किंवा मित्राची एक जोडी आणि दुकानातली दुसरी यांत ज्यांचं मन अडकलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. वेग राखायला लागणाऱ्या ताकदीत किती वॉट वाचतात ते कंपन्या सांगतातच. चाक वाऱ्यात कसं वागतं आणि खराब रस्त्यावर अंगाला कसं लागतं, हे मात्र तक्त्यात सापडत नाही. ते आपल्याच रस्त्यावर, आपल्याच वजनानं तपासावं लागतं. माझं मत आधीच सांगून टाकतो: वाऱ्यातलं वागणं पुढचं चाक ठरवतं आणि अंगाला बसणारे धक्के टायर ठरवतो. बाकीच्या गोष्टींवर जेवढी चर्चा होते तेवढी त्यांची लायकी नाही.

पहिली पायरी: आकडे वाचा, पण सगळे

जाहिरातीत ठळक असतो तो एकच आकडा, उंची. रिमच्या बाहेरच्या कडेपासून स्पोक आत शिरतो तिथपर्यंतचं अंतर. सायकलबरोबर येणारी ॲल्युमिनियमची रिम बहुधा तिशीच्या आत असते. चाळीसपर्यंत उथळ म्हणा, ४० ते ५५ मध्यम, साठच्या पुढे खरी खोल. सगळे स्पर्धक एकदम सुटतात त्या रोड शर्यतींसाठी यूसीआयनं, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेनं, २०२६ पासून ६५ मिमीची मर्यादा घातली आहे, म्हणजे त्याहून खोल चाक घेऊन अशा शर्यतीत उतरायचं नाही.

बारीक अक्षरात आणखी दोन आकडे असतात आणि ते उंचीइतकेच कामाचे आहेत: रिमची आतली रुंदी आणि बाहेरची रुंदी. आतली रुंदी टायरला आकार देते. २८ लिहिलेला टायर १९ मिमीच्या रिमवर २८ च्या आसपास राहील, २३ च्या रिमवर फुगून २९-३० होईल. बाहेरची रुंदी वाऱ्यासाठी. झिप या चाकांच्या कंपनीत पूर्वी काम केलेले जॉश पोर्टनर यांच्या नावाशी जोडलेला एक ठोकताळा आहे: रिम बाहेरून टायरच्या प्रत्यक्ष रुंदीच्या निदान १०५ टक्के हवी. टायर मोजून २९ भरला तर रिम साडेतीस. टायर रिमपेक्षा जाड असेल तर वारा टायरवरून घसरून रिमला नीट चिकटत नाही, आणि खोल रिमसाठी मोजलेले पैसे तिथंच वाऱ्यावर जातात.

मग येतो रिमचा आकार. रिम आडवी कापली तर काय दिसेल, एवढंच डोळ्यांपुढे आणा. पूर्वीच्या खोल रिम आतल्या बाजूला चाकूसारख्या निमुळत्या होत्या, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या. समोरच्या वाऱ्यात त्या छान चालायच्या. आडवा वारा आला की मात्र त्याचा जोर चाकाच्या पुढच्या भागात, हँडल ज्या रेषेवर फिरतं तिच्या पुढे एकवटायचा आणि हँडल झटक्यात वळायचं. पुढे एचईडी आणि झिप या कंपन्यांनी बोथट, पोटाला फुगीर आकार आणले. झिपची फायरक्रेस्ट रिम २०१० मधली. चाकाचा मागचा अर्धा भागही वाऱ्याला नीट कापू लागला, तसा कडेचा जोर मागे सरकला आणि हँडल वळवणारी पीळ कमी झाली. आज बहुतेक सगळ्या चांगल्या रिम याच वळणाच्या आहेत. म्हणून जुनी, अरुंद, निमुळती ५० मिमीची रिम आणि आजची रुंद, बोथट ५० मिमीची रिम ही एकाच आकड्याची दोन वेगळी जनावरं आहेत. ओएलएक्सवर किंवा ग्रुपवर स्वस्तात दिसलेली डीप रिम अशी जुन्या घडणीची नाही ना, हे आधी बघा. पुढून आतल्या कडेचा फोटो मागवला की लगेच कळतं.

वजन शेवटी वाचा. त्याच्याकडे चढावर येऊ.

दुसरी पायरी: बसतात का ते बघा

हे पटकन उरकतो. डिस्क ब्रेकच्या आजच्या रोड बाईकला पुढे १२ बाय १०० आणि मागे १२ बाय १४२ मिमीचा ॲक्सल (चाकाचा आस) लागतो. मागच्या हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याची, बॉडी तुमच्या कॅसेटची (गिअरच्या चकत्यांच्या संचाची) हवी: शिमानोची वेगळी, स्रॅमच्या बारा स्पीडची एक्सडीआर वेगळी. रोटर, म्हणजे ब्रेकची तबकडी, सेंटरलॉक (मधल्या एका रिंगनं बसणारा) की सहा बोल्टचा, तेही जुळायला हवं. फ्रेममध्ये किती रुंद टायर मावतो ते मोजा. रुंद रिमवर फुगलेला टायर फोर्कला घासला तर सगळं मुसळ केरात. आणि व्हॉल्व लांब लागतो. ५० मिमीच्या रिमला निदान ७०-८० मिमीचा. ट्यूब घ्यायला जाल तर हे सांगूनच घ्या, नाहीतर पंक्चर झाल्यावर मेढ्याच्या रस्त्यात पंपाचं तोंड व्हॉल्वपर्यंत पोचणार नाही.

हुकलेस रिम असेल तर मात्र थांबून वाचा. या रिमच्या आतल्या कडेला टायर धरून ठेवणारी खाच नसते. तिच्यावर फक्त हुकलेसला चालतो असं टायरच्या कंपनीनं लिहिलेला ट्यूबलेस टायरच बसवायचा आणि हवा ५ बारच्या, म्हणजे साधारण ७२ पीएसआयच्या वर न्यायची नाही, मग पंपावर कितीही हात शिवशिवोत. आतली रुंदी २५ असेल तर २८ चा टायर नको, ३० किंवा पुढचा घ्या. पेट्रोल पंपावर हवा भरायची सवय असेल, किंवा घरात दुसरंच कुणी हवा भरत असेल, तर मी नवख्या माणसाला सरळ हुक असलेली रिम घ्यायला सांगतो. दोन-चार ग्रॅम जास्त गेले तर जाऊ देत.

तिसरी पायरी: चाक हातात घ्या

सायकलला लावण्याआधी ॲक्सल दोन बोटांत धरून चाक फिरवा. आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, दिसतो का? रिमवर नजर ठेवून एक पूर्ण फेरा बघा, कडेचा आणि वर-खालचा दोन्ही. बेअरिंगची खरखर बोटांना लागते, कानाला नंतर. स्पोक दोन-दोन करून चिमटीत दाबत जा. एखादी जोडी बाकीच्यांपेक्षा सैल लागली तर त्याच जागी पुढे आउट येणार. जुनं चाक असेल तर निपलच्या (स्पोक रिमला आवळणाऱ्या बारीक नटच्या) भोकांभोवती नख फिरवा. तिथं केसासारखी चीर हाताला लागली तर किंमत कितीही पाडून मिळो, हात जोडून परत द्या. कार्बन वाकत नाही. तो टिकतो तोवर टिकतो आणि मग एकदम जातो.

निपल रिमच्या बाहेर आहेत की आत, हेही विचारा. आत असतील तर आउट काढायला टायर आणि रिमची आतली टेप उतरवावी लागते. दिसायला झकास, पण आपल्या भागात ट्यूबलेसची नवी टेप घालून देणारा मिस्त्री रोज हाताशी नसतो.

चौथी पायरी: तुलना सारखी करा

इथंच बहुतेकांची गाडी घसरते. जुन्या ॲल्युमिनियमच्या चाकावर झिजलेला २५ चा टायर, ९० पीएसआय हवा. नव्या कार्बनवर कोरा करकरीत २८ चा टायर, हवा ६५. मग एक फेरी मारून यायचं आणि सांगायचं, "कार्बन म्हणजे लोणी!" लोणी कसलं, तो टायर आहे.

दोन्ही जोड्यांवर एकाच कंपनीचा, एकाच मापाचा आणि साधारण सारखाच झिजलेला टायर हवा. ट्यूब असेल तर दोन्हीकडे ट्यूब, ट्यूबलेस असेल तर दोन्हीकडे ट्यूबलेस. हवा एकाच पंपाच्या एकाच काट्यावर मोजा, कारण दोन पंपांचे काटे सहज पाच पीएसआयनं वेगळे बोलतात. टायर बसवून हवा भरली की व्हर्निअरनं त्याची रुंदी मोजा. एका रिमवर तो २८ आणि दुसऱ्या रिमवर ३० भरत असेल, तर रुंद भरलेल्यात तीन-चार पीएसआय कमी ठेवा, तरच कडकपणा सारखा येईल.

आणि आता या सगळ्या लेखातली सगळ्यांत उपयोगाची युक्ती. वाऱ्यातलं वागणं तपासायचं असेल तर पूर्ण जोडी बदलू नका. मागचं चाक तेच राहू द्या, फक्त पुढचं बदला. कॅसेट काढायची नाही, गिअर पुन्हा लावायचे नाहीत, पाच मिनिटांत रस्त्याच्या कडेला काम होतं. शिवाय मागचं चाक हँडलला जोडलेलं नाही. वाऱ्यानं ते ढकललं गेलं तर सायकल अंगाखाली थोडी सरकते, तेवढंच. पुढच्या चाकावर पडलेला वारा मात्र थेट तुमच्या हातात येतो. मोठ्या कंपन्याही हेच मानून चालतात: रोव्हाल कंपनीची २०२० साली आलेली रॅपिड सीएलएक्स जोडी पुढे ५१ आणि मागे ६० मिमी उंचीची होती, आणि पुढची रिम मुद्दाम जाड ठेवली होती, बाहेरून ३५ मिमी, तर मागची ३०.

पुढचं चाक बदललं की रोटर कॅलिपरमध्ये (ब्रेकच्या चिमट्यात) घासतो का ते बघून घ्या. रिम ब्रेक असेल तर ब्रेकचे ठोकळे बदलल्याशिवाय कार्बन चाक लावायचंच नाही. ॲल्युमिनियमवर चाललेल्या ठोकळ्यांत धातूचे बारीक कण रुतलेले असतात आणि ते कार्बनची कड ओरबाडून काढतात. मित्राचं चाक असेल तर मैत्रीही जाते.

पाचवी पायरी: वारा शोधा

साताऱ्यात चाकं तपासायची म्हटली की बरेच जण कोरेगावच्या रस्त्याला लागतात. रस्ता बरा, चढ फारसा नाही, संगम माहुलीच्या पुढे गर्दी पांगते. पण दिशेचा विचार करा. तो रस्ता पूर्वेला जातो आणि आपल्याकडचं जोराचं वारं, उन्हाळ्याच्या दुपारचं काय आणि पावसाळ्यातलं काय, पश्चिमेचं. म्हणजे जाताना पाठीवर, येताना छातीवर. वेग तपासायला हे ठीक आहे. आडव्या वाऱ्याची परीक्षा तिथं होतच नाही, आणि लोक मात्र "साठची रिमसुद्धा ढिम्म हलत नाही" असं सांगत घरी येतात.

आडवं वारं हवं असेल तर उत्तर-दक्षिण रस्ता धरा. पुणे-बंगळूर हमरस्ता साताऱ्याजवळ साधारण तसाच आहे. त्याच्या मुख्य पट्ट्यात शिरू नका, सेवारस्त्यावरच राहा. इमारती, दुकानांची रांग, आंब्याची झाडं संपून जिथं शेत उघडं होतं तिथं वारा भिंत सोडल्यासारखा अंगावर येतो. वेण्णा आणि उरमोडीवरच्या पुलांच्या आसपास हे आणखी लख्ख कळतं.

काय टिपायचं ते आता बारकाईनं सांगतो. ताशी २५-३० च्या वेगानं चला, हात हूडवर (ब्रेकच्या लिव्हरवरच्या रबरी मुठीवर), कोपर थोडे वाकलेले, पकड सैल. वाऱ्याचा झोत आला की दोन गोष्टी घडतात आणि नवख्याला त्या एकच वाटतात. एक, सायकल सगळीच्या सगळी बाजूला सरकते, पंधरा-वीस सेंटिमीटर. हे प्रत्येक चाकावर होणार, कारण वाऱ्याला सगळ्यांत मोठा अडथळा तुमचं अंगच आहे. दोन, हँडल स्वतःहून वळू पाहतं. उजव्या किंवा डाव्या तळहातावर दाब जाणवतो, जणू कुणी बार हळूच ओढला. तपासायची आहे ती ही दुसरी गोष्ट. ओढ हळूहळू वाढते आणि हळूहळू सुटते, की एकदम लागते आणि एकदम सुटते? चांगल्या घडणीच्या खोल रिमचा जोर जास्त असला तरी तो अंदाजात येतो; दोन-चार झोतांनंतर हात आपोआप जुळवून घेतो. वाईट रिम दर वेळी वेगळं वागते. वाऱ्याचा कोन एका मर्यादेपलीकडे गेला की हवेचा प्रवाह रिमवरून सुटतो आणि हँडलवरची ओढ क्षणात बदलते. अंगावर काटा येतो तो याच क्षणी, वाऱ्याच्या एकूण जोरानं नव्हे. म्हणून एकसारखा जोरकस वारा परवडला, पण झोत-झोत येणारा नको.

मग मोठी वाहनं. एसटी किंवा ट्रक शेजारून जाताना आधी बाहेर ढकलतो, मग आत ओढतो. डिसेंबर-जानेवारीत उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर तर चालती भिंतच. त्याला मागे टाकताना तुम्ही त्याच्या आडोशाला असता, आणि त्याच्या बोनेटपुढे निघालात की अडलेला वारा एकदम अंगावर येतो. पुढचं चाक खोल असेल तर तिथं हँडलला झटका बसणार हे धरूनच ओलांडा, आणि रस्त्याची कड अंगाला लावून घेऊ नका. हा प्रयोग म्हणून करायचा नसतो, पण उसाच्या हंगामात तो आपोआप होतोच.

हँडल आवळून धरायचा मोह होतो. आवळलं की तुमच्या खांद्याचं प्रत्येक हलणं हँडलमध्ये उतरतं आणि सायकल आणखी वळवळते. पकड सैल, बोटं ब्रेकवर, नजर लांब.

थोडा हिशेब करतो, कारण उतारावर भीती का वाढते ते त्यानं उलगडतं. तुम्ही ताशी ३० नं चालला आहात आणि बरोबर कडेनं ताशी १५ चं वारं आहे. चाकाला तो वारा २७ अंशांतून येतो आणि एकूण वेग साधारण ३३ होतो. तेच वारं आणि तुम्ही उतारावर ५० नं: कोन १७ अंशांवर आला, पण एकूण वेग ५२. ढोबळमानानं कडेचा जोर दीडपट झाला, आणि एका सेकंदात आता तुम्ही आठ मीटरऐवजी चौदा मीटर पुढे जाता. कोन कमी झाला म्हणजे धोका कमी झाला, ही समजूत इथंच सोडा.

तुमचं वजन या सगळ्यात फार बोलतं. ऐंशी किलोच्या माणसाला पन्नासची रिम जशी वाटते, तशी पन्नास किलोच्या मुलीला पस्तीसची वाटू शकते. त्यामुळे धिप्पाड मित्राचं "काही होत नाही रे" हे प्रमाणपत्र त्याच्यापुरतंच. चाळकेवाडीला हे चाक घेऊन जायचं ते सेवारस्त्यावर ओळख झाल्यावर, सकाळी लवकर, आणि पावसाळ्यात शक्यतो नाहीच.

सहावी पायरी: धक्के मोजा

"कार्बन चाक ताठ असतं, हाडं खिळखिळी करतं" असं एक जण म्हणतो, दुसरा म्हणतो, "कार्बन धक्के पितो." दोघंही चाकाला त्याच्या वकुबापेक्षा जास्त श्रेय देतात. खड्ड्यावरून जाताना टायर काही मिलिमीटर दबतो. रिम आणि स्पोक मिळून उभ्या दिशेनं दबतात ते मिलिमीटरच्या अंशात. हजारो रुपये त्या अंशासाठी मोजायचे की हवेचा काटा चार पीएसआयनं खाली आणायचा, हे ज्याचं त्यानं बघावं.

तरी फरक जाणवतो, याची दोन खरी कारणं आहेत. रुंद रिमवर टायर मोठा होतो आणि कमी हवेवर नीट चालतो. दुसरं कारण कानाचं: खोल कार्बन रिम आतून पोकळ असते, खडबडीत डांबरावर ती घुमते, बारीक खडा लागला तरी टण्णकन वाजते. आवाज मोठा म्हणजे धक्का मोठा असं मेंदू ठरवून टाकतो. एकदा कानात कापसाचे बोळे घालून तोच तुकडा चालवून बघा, अर्थात रहदारी नसलेल्या रस्त्यावर.

तपासायला साधारण किलोमीटरभराचा, डांबर उखडलेला पण खोल खड्डे नसलेला रस्ता निवडा. पावसाळा संपल्यावर असा रस्ता शोधायला लांब जावं लागत नाही. सत्तर किलोचा माणूस, २८ चा टायर: पुढे ६५, मागे ६८ पासून सुरुवात करा. दर फेरीला चार-चार पीएसआय उतरवा. एका टप्प्यावर हाताची झिणझिण थांबते आणि वेग टिकवणं सोपं होतं. आणखी उतरवलंत की वळणावर पुढचा टायर मऊ, लिबलिबीत वाटू लागतो किंवा स्पीडब्रेकरवर रिमला ठोका बसतो. पुरे. तिथून तीन-चार पीएसआय वर या. हा आकडा प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र काढा आणि मगच एक चाक दुसऱ्याहून मऊ आहे की ताठ ते ठरवा. जास्त हवा म्हणजे जास्त वेग हे गुळगुळीत लाकडी ट्रॅकवर खरं असेल. आपल्या रस्त्यांवर फुगवलेला टायर उड्या मारतो आणि तुमची ताकद त्या उड्यांत जाते.

आडवा ताठपणा ही वेगळी बाब. चढावर उभं राहून जोर मारताना मागचा रोटर पॅडला घासून चिर्र वाजत असेल, तर चाक, हब किंवा ॲक्सल कुठंतरी लवतं आहे. वजन ऐंशीच्या पुढे असेल तर मागे २४ स्पोक असलेलंच चाक घ्या आणि कंपनीनं चालकाच्या वजनाची मर्यादा किती लिहिली आहे ते वाचा.

सातवी पायरी: यवतेश्वर

चढाचा विषय दोन ओळींचा आहे. सायकलसकट तुमचं वजन ८० किलो आणि नवी चाकं ४५० ग्रॅमनं हलकी, म्हणजे अर्ध्या टक्क्याहून थोडं जास्त. यवतेश्वरच्या घाटासारखा चढ तुम्ही अर्ध्या तासात चढत असाल तर दहाएक सेकंद वाचतील. हलकी चाकं उसळी मारतात असं वाटतं, आणि ते वाटणं सुखाचंही असतं, पण घड्याळ तेवढंच सांगतं.

वेगाचंही तसंच. कंपन्या चाकं पवनबोगद्यात बहुधा ताशी ४५ किंवा ४८ किमीला तपासतात. हवेच्या विरोधाला लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते, म्हणून ४५ ला ८ वॉट वाचवणारं चाक ३० ला अडीच वॉटच्या आसपास वाचवतं. कासच्या चढाला बारा-चौदाच्या वेगात तर त्याचं नावही काढू नका.

आठवी पायरी: पसरणीचा उतार, सगळ्यांत शेवटी

पाचगणीहून वाईला उतरताना साडेपाचशे मीटरच्या आसपास उंची सोडावी लागते, आणि वळणांमुळे त्यातली बरीचशी ब्रेकमध्ये जिरते. डिस्क ब्रेक असेल तर ती उष्णता रोटर सोसतो, रिमला त्याचा पत्ताही नसतो. रिम ब्रेक असेल तर सगळी उष्णता कार्बनच्या कडेत. त्यातली रेझिन (कार्बनचे धागे धरून ठेवणारा डिंक) ठरावीक तापमानाला मऊ पडते, कड फुगते, आणि तापलेली ट्यूब फुटते. लॅटेक्सची ट्यूब अशा रिममध्ये कधीच घालायची नाही. ब्रेक सतत धरून ठेवायचा नाही. वळणाआधी जोरात दाबायचा, सोडायचा, वारा लागू द्यायचा. पावसात कार्बनच्या कडेवर ब्रेक आधी लागल्यासारखाच वाटत नाही, मग अचानक लागतो. माझा सल्ला तिखट वाटेल, पण सातारा-महाबळेश्वर भागात राहणाऱ्यानं रिम ब्रेकसाठी कार्बन चाकं घेऊच नयेत. ॲल्युमिनियमची चांगली चाकं घ्या, त्यावर चांगले टायर घाला, आणि उरलेल्या पैशात डिस्कच्या सायकलसाठी भिशी लावा.

डिस्कवाल्यांनी पहिल्यांदा उतरताना झाडी संपून दरी उघडी पडते ती वळणं आधीच डोळ्यांत ठेवा. वारा तिथंच असतो. हात ड्रॉपवर (हँडलच्या खालच्या वाकड्या भागावर), गुडघा वरच्या नळीला किंचित टेकवलेला. सायकल थरथरू लागली तर यानं शांत होते. चढताना ही वळणं बघून ठेवलेली असतील तर उत्तम, म्हणून पहिल्यांदा गाडीनं वर जाऊन नुसतं उतरण्याचा शहाणपणा करू नका.

मग घ्यायची कोणती?

साठ किलोच्या आतले, किंवा डोंगरातच जास्त फिरणारे: पुढे ३५-४०, मागे हवं तर ४५-५०. साठ ते ऐंशी किलो: पुढे ४०-४५, मागे ५०. ऐंशीच्या वरच्यांना दोन्हीकडे ५० निभावतं. पुढे साठ आणि त्याहून खोल चाक फक्त ट्रायथलॉन किंवा टाइम ट्रायल करणाऱ्यांनी घ्यावं, तेही वाऱ्यात सराव करून. आतली रुंदी २१ ते २३, हुक असलेली, निपल बाहेर, बेअरिंग बाजारात सहज मिळणाऱ्या मापाचं. कंपनी पुढचं चाक वेगळं विकते का, हे आवर्जून विचारा. पुढे-मागे वेगवेगळी उंची हवी असेल तेव्हा आणि एक चाक मोडलं तेव्हाही ते कामाला येतं. दूरदेशाहून मागवत असाल तर कस्टम्स ड्युटी धरून किंमत काढा आणि तडा गेल्यावर चाक परत पाठवायचा खर्च कुणी सोसायचा ते पैसे भरण्याआधी लेखी घ्या.

ट्यूबलेस लावलंत तर सीलंट, म्हणजे टायरमधलं भोक बुजवणारं द्रव, उन्हाळ्यात लवकर सुकतं. दोन-तीन महिन्यांनी व्हॉल्वमधून काडी घालून ओलं आहे का ते बघत जा. बांधावरच्या बाभळीचे काटे रस्त्यावर येतात तेव्हा सुकलेलं सीलंट काही कामाचं नसतं. पावसातून आल्यावर चाक व्हॉल्व खाली करून ठेवा आणि रिमला पाणी निघायचं बारीक भोक असेल तर ते मोकळं आहे ना बघा, नाहीतर पोकळीत शिरलेलं पाणी निपल खाऊन टाकतं. आणि चाक सायकलवर पहिल्यांदा चढवल्यानंतर आठवड्याभरात एकदा मिस्त्रीकडं नेऊन आउट बघून घ्या. नवे स्पोक बसतात, थोडे सैल होतात. बाहेर निपल असतील तर दहा मिनिटांचं काम आहे.